मासा ओरडत नाही, मग गाण्यात ओरडायचं कुणी?

गेल्या अंकात आमच्या बँडच्या 'उलटा काटा' या गाण्याबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. हौसेखातर गळ टाकून मासे पकडण्याच्या विरोधातलं गाणं आहे आणि ते जमायला अकरा महिने लागले, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवते आणि गाणी लिहिते, त्यामुळे शब्दांवरून बसणाऱ्या शिव्या माझ्याच वाट्याला येतात. पत्रं छापताना लांबी कमी केली आहे, तिखटपणा तसाच ठेवलाय.

प्रश्न: युद्धं, बेकारी, प्रदूषण असे ढीगभर विषय पडलेले असताना रॉक बँडला सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारी निरुपद्रवी माणसंच सापडली का?

ती माणसं निरुपद्रवी असतात हे मला कुणी सांगायला नको. त्यातला एक माझा मामा आहे. लहानपणी त्याच्याबरोबर जायचे तेव्हा माझ्याकडे बादली धरायचं काम असायचं. घरात एक मिनिट गप्प न बसणारा हा माणूस पाण्याकाठी तासन् तास शांत बसायचा, याचं मला फार अप्रूप होतं. एकदा एका माशाने गळ ओठात न धरता पार आत गिळला. मामाने दोरी हलकेच ओढून पाहिली, मग खिशातून पक्कड काढली आणि मला म्हणाला, "तू जरा तिकडे बघ." मी तिकडे बघितलं. कान मात्र उघडे होते. ऐकू काय आलं? पक्कडीचा खट् असा आवाज, मग बादलीतलं पाणी डचमळलं. बाकी काही नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ते 'बाकी काही नाही' डोक्यात कुठेतरी पडून राहिलं असणार. विषय शोधायला आम्ही कुठे गेलो नव्हतो.

प्रश्न: तुमच्या बँडच्या इतर गाण्यांत गायक जीव तोडून किंचाळतो. इथे, जिथे किंचाळायला खरंच कारण होतं, तिथे तो गुणगुणल्यासारखं गातो. आणि मासा तर गाण्यात कुठे बोलतच नाही. असं का?

बोलत होता. पहिला मसुदा अख्खा माशाच्या तोंडचा होता. 'ओठ फाटला माझा, ऐका हा आक्रोश' अशा थाटाच्या ओळी, खाली दोन गिटारींचं खरखरीत डिस्टॉर्शन, आणि वर आमचा गायक. सरावाच्या खोलीत ते फार दणदणीत वाटायचं. आम्ही स्वतःवरच खूश होतो. मग मी मामाला मुद्दाम बोलावून ते ऐकवलं. म्हटलं, चिडला तर चिडू दे.

तो चिडला नाही. पूर्ण ऐकून घेतलं, कानांतले कापसाचे बोळे काढले आणि म्हणाला, "मासा असा बोंबलत असता, तर मी चाळीस वर्षं गळ टाकला असता का गं?"

तीन महिन्यांचं काम केराच्या टोपलीत गेलं. हा सगळा छंद माशाच्या गप्प असण्यावर उभा आहे, आणि आम्ही त्यालाच आवाज देऊन मोकळे झालो होतो. तेव्हा ठरलं की मासा बोलणार नाही आणि त्याच्या वतीने कुणी ओरडणारही नाही. गाण्यात ऐकू येतील ती फक्त काठावरची माणसं, तीही मजेत असलेली.

त्यानंतर दुसरा मोह सोडवावा लागला, तो उपमेचा. आपल्या कवितेत मासा मासा म्हणून क्वचितच येतो. पाण्याबाहेरच्या मासोळीची तळमळ संतांनी देवाच्या ओढीसाठी वापरली, नंतरच्यांनी प्रेमासाठी वापरली. माझ्या वहीतही 'तळमळ' तीनदा आली होती. तिन्ही वेळा खोडली. इतका सुंदर शब्द आला की ऐकणारा माशाकडे बघायचं सोडून स्वतःच्या आयुष्याकडे बघायला लागतो.

मग उरलं काय? मामाची आणि त्याच्या मित्रांची भाषा. ती मी आठवडाभर नुसती टिपून घेतली. 'मासा लागला' म्हणतात, जणू त्यानेच येऊन लागायचं ठरवलं होतं. गळ अडकल्यावर दोरी सोडत, ओढत त्याला दमवायचं, याला 'खेळवणं' म्हणतात. हा शब्द सापडला त्या दिवशी पहिलं कडवं एका बैठकीत झालं:

दोरी ताणलीय, धर, सोडू नकोस
खेळव त्याला जरा, घाई करू नकोस
सुट्टीचा दिवस, ऊन छान पडलंय
पाण्याखाली कुणाचं काय अडलंय

आणि ध्रुवपद:

आत शिरताना सोपा, परतीच्या बंद वाटा
उलटा काटा, उलटा काटा

ज्यांनी गळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: गळाच्या टोकापाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो. आत जाताना तो आड येत नाही, बाहेर ओढला की मांसात रुततो. गाण्याचं नाव तेवढ्यावरून आलंय, त्यात दुसरा काही गूढ अर्थ नाही. (दोघांनी पत्रात राजकीय अर्थ काढलाय. छान आहे, पण आमचा नाही.)

गायक आठवडाभर रुसला होता, हेही खरं.

प्रश्न: मी ड्रम शिकतो. मधला ठेका सात मात्रांचा लागतोय, पण मोजायला बसलो की दर वेळी कुठेतरी सटकतो. तुमचा ड्रमर चुकलाय का?

चुकलेला नाही, त्याला सटकायला लावलंय. मात्रा सातच आहेत, पण रूपकसारख्या तीन-दोन-दोन नाहीत; चार आणि तीन अशा मोज. वेग मिनिटाला १३२ ठोक्यांनी सुरू होतो आणि तिथून पुढे आम्ही क्लिक (कानात वाजणारा मोजणीचा ठोका) बंद करून वाजवलंय. प्रत्येक फेरीत जोराचा भाग एका बारने, म्हणजे सात मात्रांनी, कमी होतो आणि मधली शांतता थोडी वाढते.

हा आराखडा माशाच्या अंगातून आलाय. माशाच्या अंगात पांढरे स्नायू भरपूर असतात. ते झटक्यात जबरदस्त जोर लावतात, पण ऑक्सिजनशिवाय, त्यामुळे लॅक्टिक ॲसिड साठत जातं आणि दम लवकर संपतो. म्हणून गळाला लागलेला मासा एक झटका देतो, थांबतो, पुन्हा झटका देतो, जास्त वेळ थांबतो. काठावरच्या माणसाला हे रिळाच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाच्या, आवाजावरून कळतं. मामाच्या जुन्या रिळाला खटका आहे. दोरी सुटायला लागली की ते कर्रर्र वाजतं. आम्ही रीळ टेबलाला आवळलं, वीतभर अंतरावर कंडेन्सर माइक ठेवला आणि दोरी ओढायला मामालाच बसवलं. मी ओढून पाहिली होती, पण पतंगाच्या फिरकीसारखा आवाज येत होता. मामाने विचारलं, "मोठा मासा करू की लहान?" आणि डोळे मिटून ओढायला लागला. पहिल्या दोन टेकमध्ये तो मासा सुटला. म्हणजे त्याच्या हिशोबाने सुटला. आम्हाला काही कळलं नाही. तिसऱ्या टेकला त्याने हळूहळू ओढ कमी करत आणली, शेवटी दोन बारीक खटके दिले आणि हात सोडून दिले. खोलीत कुणी बोलेना. तोच टेक गाण्यात आहे, काटछाट न करता. तुझी मोजणी जिथे सटकते तिथे रीळ कान देऊन ऐक. ड्रमर रिळामागे जातोय, रीळ ड्रममागे नाही.

प्रश्न: एवढी भूतदया आहे, तर तुमच्या गिटारींच्या तारा कशाच्या असतात हो?

खोचक, पण प्रश्न चांगला आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पोलाद आणि निकेलच्या असतात. गाण्याच्या सुरुवातीला मात्र नायलॉनच्या तारांची गिटार आहे आणि तिथे एक गंमत आहे. पूर्वी अशा गिटारला जनावरांच्या आतड्यांच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात ते आतडं शस्त्रक्रियेतल्या टाक्यांसाठी लागायला लागलं आणि तारांचा तुटवडा झाला. तेव्हा, १९४० च्या दशकात, न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि आंद्रेस सेगोविया यांच्यासारख्या थोर वादकाने त्या उचलून धरल्या. नायलॉनची एकेरी दोरी मासेमारीतही त्याच सुमाराला आली. म्हणजे गळाची दोरी आणि गिटारची तार एकाच कुळातल्या.

आम्ही ते नातं वापरून घेतलं. सर्वांत बारीक तार साधारण ०.७ मिलिमीटरची असते. तेवढ्याच जाडीची दोरी मामाच्या सामानात निघाली, ती चढवली. अर्धा दिवस नुसती ताणतच राहिली, सुरात ठरेना. पहिल्या चार स्वरांत जो किंचित उतरलेला सूर ऐकू येतो, तो तिचा.

प्रश्न: माशांना वेदना होतात हे सिद्ध तरी झालंय का? की गाणं म्हणून भावनेला हात घातला?

याचं उत्तर मला गाणं लिहिण्याआधी हवं होतं, म्हणून थोडं वाचलं. २००३ मध्ये लिन स्नेडन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. डोक्याच्या भागात इजेचे संकेत पकडणाऱ्या नसा सापडल्याच, शिवाय ज्यांना ॲसिड टोचलं होतं ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासायला लागले. टोचलेल्या माशांना पुन्हा खायला लागायला जवळपास तीन तास लागले. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले त्याच्या निम्म्या वेळात खायला लागले होते.

याच्या उलट बाजूलाही जाणकार आहेत. जेम्स रोज यांनी २००२ मध्ये मांडलं की वेदना 'जाणवायला' मेंदूचा जो थर लागतो तो माशांना नाहीच. जे दिसतं ती शरीराची प्रतिक्रिया. वाद अजून मिटलेला नाही. मासा होऊन बघता येत नाही, तोवर तो पूर्ण मिटेल असं मला वाटतही नाही. मला स्वतःला खड्यांवर ओठ घासणारा मासा पुरेसा वाटला. तुम्हाला नसेल वाटत तर मी वाद घालणार नाही, पण मग 'सिद्ध झालेलं नाही' म्हणून गळ टाकायचा की 'सिद्ध झालेलं नाही' म्हणून थांबायचं, हे तुम्ही निवडताय, विज्ञान नाही.

प्रश्न: गाणं उत्तम, पण शेवटचं एक मिनिट काय आहे? नुसती टिक टिक आणि मागे कुणीतरी गप्पा मारतंय. मला वाटलं फाइल बिघडली.

सगळ्यांत जास्त पत्रं या मिनिटावर आहेत. रेकॉर्डिंग करणाऱ्याने 'हे कापा' म्हणून दोनदा विनवलं. आमच्या गिटारवाल्याला तिथे सोलो हवा होता आणि तो त्याने वाजवलाही होता. चांगला होता. काढला.

'आम्ही मासा मारत नाही, पकडून परत सोडतो' असं म्हणणाऱ्यांसाठी ते मिनिट आहे. १९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी एक प्रयोग छापला. त्यांनी ट्राउट मासे पूर्ण दमवले, काही तसेच पाण्यात ठेवले, काहींना हवेत धरलं आणि मग परत पाण्यात सोडलं. बारा तासांनी, नुसत्या दमवलेल्यांपैकी ८८ टक्के जिवंत होते. तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. साठ सेकंद धरलेल्यांपैकी २८ टक्के. प्रयोगशाळेतले मासे होते, नळ्या जोडलेले, नदीतल्या माशांवर सगळीकडे असंच होईल असं नाही. २००५ मध्ये बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी ५३ अभ्यासांतले २७४ आकडे एकत्र केले, तेव्हा सोडल्यावर मरणाऱ्या माशांची सरासरी १८ टक्के आली. कुठे जवळजवळ शून्य, कुठे नव्वदच्या वर. गळ किती खोल गेला यावर बरंच अवलंबून. पण माझ्या डोक्यात ते साठ सेकंद बसले. हातात मासा धरून, नीट हसून, 'अजून एक काढ, माझे डोळे मिटले' म्हणत फोटो काढायला तेवढा वेळ सहज जातो. मामाबरोबर मी मनातल्या मनात मोजलाय.

म्हणून ते मिनिट घड्याळ लावून बरोबर साठ सेकंदांचं आहे. टिक टिक म्हणजे ड्रमरचा डावा पाय. हाय-हॅटच्या दोन झांजा पायाने उघडमीट करतात, त्यावर काठी पडत नाही. पाण्याबाहेरच्या माशाच्या कल्ल्यांची झाकणं अशीच उघडमीट करत राहतात. आत मात्र पाण्याचा आधार गेल्याने कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, हवा भरपूर असूनही श्वास मिळत नाही. सुरुवातीला झांज भरभर वाजते, मग अंतर वाढतं. गप्पा आमच्याच चौघांच्या आहेत: "नीट धर, इकडे बघ, अरे केवढा आहे!" खोटं हसू नको होतं, म्हणून गिटारवाल्याला सांगितलं नव्हतं की माइक चालू आहे. तो खरंच आनंदात होता.

फाइल बिघडलेली नाही.

प्रश्न: मी गेली पंचवीस वर्षं गळाने मासे पकडतो आणि सोडतो. नद्या साफ राहाव्यात म्हणून सर्वांत जास्त आम्हीच भांडतो. तुम्ही नदीवर शेवटचं कधी गेला होता?

हे पत्र तीन पानांचं आहे आणि त्यातला राग मला समजतो. नदीबद्दलचं तुमचं म्हणणं खरंय. अमेरिकेत तर १९५० च्या कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावरच्या कराचा पैसा माशांच्या संवर्धनाला जातो. पाणी मेलं तर पहिल्यांदा ओरडणारे तुमच्यातलेच असतात. यावर मी गाणं केलेलं नाही, कारण यावर माझी तक्रार नाही.

तक्रार काट्याबद्दल आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीने सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकायला मनाई केली आणि उलट्या काट्याच्या गळावर, काही अपवाद ठेवून, बंदी घातली. म्हणजे तुम्ही ज्याला दया म्हणता, त्यालाच तिथल्या नियमाने विनाकारण छळ मानलं. मला ते वाचून आधी उलटंच वाटलं होतं. मग पटलं.

नदीवर शेवटची गेल्या महिन्यात गेले होते. मामाबरोबर. बादली नेली नव्हती.

प्रश्न: ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्यांनी हे गाणं ऐकून काय समजायचं?

गाणं त्यांच्यावर नाही. दुसऱ्या कडव्यात जाळ्याचा उल्लेख होता, तो याच कारणाने काढला. काढल्यावर वजनही बरोबर बसलं. जाळ्यातल्या माशाला कमी त्रास होतो असं मात्र मी म्हणणार नाही. तो प्रश्न मोठा आहे आणि साडेचार मिनिटांत तो हाताळायची आमची कुवत नाही.

प्रश्न: मी सातवीत आहे. तुमचं गाणं माशांना ऐकू जाईल का?

काठावर वाजवलं तर जवळजवळ नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. स्पीकर पाण्यात सोडला तर गोष्ट वेगळी. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. पण बहुतेक माशांना खालचे सूरच ऐकू येतात. म्हणजे गायक नाही, गिटारवाल्याचा सोलो तर नाहीच. बेस ऐकू येईल. माझी सर्वांत जाड तार मी या गाण्यासाठी एक स्वर उतरवून ३७ हर्ट्झच्या आसपास आणली आहे. हे बँडमध्ये मी सगळ्यांना सांगून झालंय, कुणी फारसं कौतुक केलं नाही.

प्रश्न: शेवटी मामांनी मासेमारी सोडली का?

नाही. गळांचे उलटे काटे मात्र त्याने पक्कडीने दाबून सपाट केलेत. का केलेस विचारलं तर म्हणाला, "बोटात रुततात सारखे." गाणं प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याभरात त्याचा फोन आला: "झालं ना तुमचं काम? माझं रीळ आणून दे." मी साफ करून, तेल घालून नेऊन दिलं. तेल घातल्यापासून ते तसं वाजत नाही. कार्यक्रमात आम्ही तिसरा टेकच लावतो.